घरखर्चाची वही स्पॅनिशमध्ये लिहायची तर

स्पॅनिश शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत आणि ॲपमध्ये पैशाचा धडा बँकेपासून सुरू होतो. खातं, चेक, क्रेडिट कार्ड, हॉटेलचं बिल, विमानतळावर चलन बदलणं. हे शब्द पाठ होतात आणि तितक्याच लवकर विसरतातही, कारण रोजच्या दिवसात त्यांची गाठ पडत नाही. ज्या घरात हिशोब आठवडी बाजाराच्या दिवशी जुळतो, कापूस-सोयाबीन विकल्यावर उधारी फिटते आणि मधल्या काळात रोजमजुरीवर किराणा चालतो, तिथल्या माणसानं सुरुवात आपल्या खर्चाच्या वहीपासून करावी. रोज दोन-तीन ओळी, पण स्पॅनिशमध्ये. ही वही इंग्रजी मधे न आणता थेट मराठीतून लिहिली तर काम पुष्कळ हलकं होतं. ते कसं, ते पुढं येईलच.

आधी उच्चार. या लेखात उच्चार देवनागरीत दिले आहेत, पण वहीत रोमन स्पेलिंगच लिहा. नाहीतर परीक्षेत आणि मेसेज लिहिताना अडेल. मराठी माणसाची पहिली सोय म्हणजे स्पॅनिश ‘टी’ आणि ‘डी’ हे आपले त आणि द आहेत. इंग्रजीच्या सवयीनं ‘टारजेटा’ म्हणू नका. कार्डाला म्हणतात ‘तार्खेता’. त्यातला ‘जे’ हा घसा खाकरल्यासारखा ख. ‘एच’ कायम मुका, म्हणून बचत करणं म्हणजे ‘आओर्रार’. ‘व्ही’चा उच्चार ब, म्हणून विकणं ‘बेंदेर’. दोन ‘एल’ जोडून आले की बहुतेक ठिकाणी य, म्हणून नोट म्हणजे ‘बियेते’. ‘सी-एच’चा च हा चहातला च, चोरातला नव्हे, पीक हाती येणं म्हणजे ‘कोसेचा’. ‘झेड’ आणि ‘ई’, ‘आय’च्या आधीचा ‘सी’ लॅटिन अमेरिकेत सरळ स होतो. स्पेनच्या बहुतेक भागात जीभ दातांत धरून थ-सारखा काढतात. दोन्ही बरोबर, एक निवडा आणि तोच ठेवा.

आता क्रियापदं. वहीला सुरुवातीला आठच पुरतात: ‘गास्तार’ खर्च करणं, ‘पागार’ पैसे चुकते करणं, ‘कोम्प्रार’ विकत घेणं, ‘बेंदेर’ विकणं, ‘कोब्रार’ आपले पैसे वसूल करणं किंवा मजुरी हातात पडणं, ‘आओर्रार’ बचत करणं, ‘देबेर’ देणं लागणं आणि ‘प्रेस्तार’ उसने देणं. ‘पागार’ विसरायची भीती नाही. आपला ‘पगार’ पोर्तुगीजमधून आला आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. मात्र स्पॅनिशमध्ये ते क्रियापद आहे. महिन्याच्या पगाराला तिकडं ‘स्वेल्दो’ किंवा ‘सालार्यो’ म्हणतात आणि रोजच्या मजुरीला ‘खोर्नाल’. रोजमजूर तो ‘खोर्नालेरो’. हा शब्द पुस्तकात उशिरा येतो, पण आपल्या वहीत पहिल्याच पानावर लागतो.

वहीत बहुतेक वेळा झालेला व्यवहार लिहायचा असतो, म्हणून भूतकाळातलं ‘मी’चं रूप आधी शिका: गास्ते, पागे, कोम्प्रे, कोब्रे, आओर्रे, प्रेस्ते, बेंदी. सगळ्यांत जोर शेवटी. इथं मोठा घोळ होतो. ‘पागो’ म्हणताना ‘पा’वर जोर दिला तर अर्थ ‘मी पैसे देतो’. ‘गो’वर दिला तर ‘त्यानं पैसे दिले’. लिहिताना फरक एवढाच की दुसऱ्या रूपात शेवटच्या ‘ओ’वर तिरकी रेघ असते. ती रेघ गाळली की कोणी दिले आणि कधी दिले, दोन्ही बदलतं. गास्तो-गास्तोऽ, कोम्प्रो-कोम्प्रोऽ, ‘-आर’वर संपणाऱ्या नेहमीच्या क्रियापदांत हेच. नियम साधा आहे: शब्द स्वरावर, ‘एन’वर किंवा ‘एस’वर संपला तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, इतर अक्षरावर संपला तर शेवटच्या. जिथं हा नियम मोडतो तिथं रेघ येते. ‘पागे’च्या स्पेलिंगमध्ये ‘जी’नंतर मुका ‘यू’ घालावा लागतो, नाहीतर वाचणारा ‘पाखे’ वाचेल.

मराठीतून शिकण्याचा खरा फायदा वाक्याच्या बांधणीत दिसतो. आपण ‘मला पन्नास रुपये कमी पडतात’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘मे फाल्तान सिंक्वेंता रूपियास’: मला, कमी पडतात, पन्नास रुपये. रुपये अनेकवचनी म्हणून क्रियापदही अनेकवचनी, अगदी आपल्यासारखं. ‘मे सोब्रान बेइंते’ म्हणजे माझे वीस उरले. ‘मे देबेन दोस्सियेंतास’ म्हणजे लोक मला दोनशे देणं लागतात. यातली पहिली दोन वाक्यं इंग्रजीतून घेतली तर कर्ता ‘मी’ होतो आणि सगळी मांडणी उलटी करावी लागते. म्हणून मराठी वाक्य मनात धरा आणि तिथूनच स्पॅनिशला जा.

वहीचे पाच रकाने आखा. ‘फेचा’ तारीख, ‘कोन्सेप्तो’ तपशील, ‘एंत्रादा’ आले, ‘सालीदा’ गेले, ‘साल्दो’ शिल्लक. एका आठवड्याचा नमुना बघा. आधीची शिल्लक 1,850 रुपये धरली आहे.

कोब्रे एल खोर्नाल (मजुरी मिळाली): आले 350, शिल्लक 2,200
पागे ला लूस (लाईट बिल भरलं): गेले 640, शिल्लक 1,560
कोम्प्रे उन लीत्रो दे आसेइते (एक लिटर तेल घेतलं): गेले 150, शिल्लक 1,410
रेकार्गा देल मोबील (मोबाइल रिचार्ज): गेले 299, शिल्लक 1,111
ले प्रेस्ते आ मी कुन्यादा (वहिनीला उसने दिले): गेले 200, शिल्लक 911
मेर्कादो (बाजार): गेले 275, शिल्लक 636

प्रत्येक शिल्लक मोठ्यानं वाचायची. 1,111 म्हणजे ‘मिल सियेंतो ओन्से’. हजाराला नुसतं ‘मिल’, पुढं ‘एक’ लावायचं नाही. 911 म्हणजे ‘नोबेसियेंतास ओन्से’. नऊ ‘नुएबे’ असूनही नऊशेला ‘नोबे-’ होतं. पाचशे ‘किन्येंतास’ आणि सातशे ‘सेतेसियेंतास’ हेही असेच वाकडे. शेवटी ‘तास’ का? रुपया स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, ‘ला रूपिया’, म्हणून दोनशेपासून नऊशेपर्यंत शेकडे स्त्रीलिंगी होतात. पेसो आणि युरो पुल्लिंगी, तिथं ‘नोबेसियेंतोस’. त्यामुळं रुपयांत सराव केलेल्यानं पेसोंत बोलताना हा शेवट आठवणीनं बदलावा.

मराठीत शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो आणि एकक आधी बोललं जातं: सदु-सष्ट, शहा-त्तर. स्पॅनिश तिसानंतर सरळ आहे, दशक आधी, मग ‘इ’ म्हणजे आणि, मग एकक. 67 हे ‘सेसेंता इ सिएते’ आणि 76 हे ‘सेतेंता इ सेइस’. धोका इथंच आहे. एकतर साठ आणि सत्तर, ‘सेसेंता’ आणि ‘सेतेंता’, कानाला जवळजवळ सारखे. त्यात आपलं डोकं एकक आधी शोधतं, म्हणून ऐकलेलं 67 वहीत 76 म्हणून उतरतं. उपाय एकच: कोणी आकडा सांगत असताना डावीकडून लगेच अंक लिहायला लागा, पूर्ण ऐकून मराठीत फिरवू नका.

मोठे आकडे बोलताना लाख-कोटी सोडावेच लागतात. लाख म्हणजे ‘सियेन मिल’, शंभर हजार. दहा लाख म्हणजे ‘उन मियोन’, आणि त्याच्यापुढं वस्तू आली की मध्ये ‘दे’ हवा: ‘उन मियोन दे पेसोस’. कोटी म्हणजे ‘दिएस मियोनेस’. शंभर कोटीला ‘मिल मियोनेस’ म्हणतात. ‘बियोन’ ऐकून इंग्रजीतला बिलियन समजू नका. स्पॅनिश बियोन म्हणजे एक लाख कोटी, हजारपट जास्त. बातम्यांचं भाषांतर करणारे इथं हमखास आपटतात.

लिहिण्यात आणखी एक फरक. स्पेन, अर्जेंटिना, चिली, कोलंबिया इथं हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम चालतो. मेक्सिकोत उलट, म्हणजे आपल्यासारखं. कोलंबियातल्या दुकानात 3.500 लिहिलं असेल तर ते साडेतीन हजार पेसो आहेत, साडेतीन नव्हेत. शिवाय डॉलरची समजली जाणारी खूण पेसोलाही वापरतात. पावती बघताना आधी देश बघा. इक्वेडोरमध्ये 2000 पासून आणि एल साल्वादोरमध्ये 2001 पासून खरोखरच अमेरिकन डॉलर चालतो. पेरूत ‘सोल’, ग्वातेमालात ‘केत्साल’, पाराग्वाईत ‘ग्वारानी’ आणि स्पेनमध्ये 2002 पासून हातात युरोच्या नोटा.

उधारीचे शब्द मात्र सावकाश शिका. यातच खरी गंमत आहे आणि इंग्रजीतून आलेल्यांना हेच जड जातात. आपण तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो: दुकानातली उधारी, ओळखीतलं उसनं आणि व्याजाचं कर्ज. स्पॅनिशमध्येही तीन आहेत. दुकानदार वहीत मांडून माल देतो ते ‘फियादो’. शेजाऱ्याकडून परत करायच्या बोलीवर घेतलेलं ‘प्रेस्तादो’. बँक किंवा सावकाराचं ‘प्रेस्तामो’. उसने देणं ‘प्रेस्तार’ आणि उसने मागणं ‘पेदीर प्रेस्तादो’. देणारा आणि मागणारा यांत गल्लत केली तर समोरचा माणूस खिशाला हात लावेल! किराणा दुकानात आपल्याकडं ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते. स्पॅनिश दुकानांतली जुनी पाटी आहे ‘ओय नो से फीआ, मान्याना सी’, म्हणजे आज उधार नाही, उद्या आहे. उद्याचं गाजर दोन्हीकडं सारखंच.

व्याज म्हणजे ‘इंतेरेस’, हप्ता ‘क्वोता’, जामीनदार ‘फियादोर’ किंवा ‘आबाल’. गहाण ठेवणं ‘एम्पेन्यार’. दागिने गहाण ठेवून पैसे देणारी मेक्सिकोतली मोठी संस्था म्हणजे नासियोनाल मोंते दे पियेदाद. ती 1775 पासून चालू आहे. सावकाराला ‘प्रेस्तामिस्ता’ म्हटलं तर ते साधं वर्णन झालं, ‘उसुरेरो’ म्हटलं तर शिवी. दुसरा शब्द माहीत असावा, तोंडात नसावा.

भिशी समजावून सांगायला लांब वाक्य बनवायची गरज नाही, कारण ती तिकडंही घरोघर चालते. नावं तेवढी देशागणिक निराळी. मेक्सिकोत ‘तांदा’, पेरूत ‘खुंता’, ग्वातेमालात ‘कुचुबाल’, बोलिव्हियात ‘पासानाकू’, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ‘सान’. प्रत्येकानं ठरावीक रक्कम टाकायची आणि पाळीपाळीनं एकानं सगळी उचलायची, पद्धत तीच. बचत गटाला मात्र ‘ग्रूपो दे आओर्रो’ म्हणावं. तिथं रक्कम साठते आणि त्यातून कर्ज दिलं जातं, म्हणून भिशीचा शब्द चालत नाही.

बाजारात भाव विचारायला पुस्तकं ‘क्वांतो क्वेस्ता’ शिकवतात. ते बरोबर आहे, पण रोज बदलणाऱ्या भाजीच्या भावाला लोक ‘आ कोमो एस्ता एल तोमाते?’ असं विचारतात. ‘कोमो’ म्हणजे कसा. ‘टमाटर कसे दिले?’ विचारणाऱ्याला यात शिकण्यासारखं काहीच नाही. स्पेनमध्ये ‘आ क्वांतो एस्ता’ जास्त ऐकू येतं. माल घेऊन झाला की ‘क्वांतो ले देबो?’, किती देऊ. सुटे पैसे ‘स्वेल्तो’. परत मिळणारे ‘काम्ब्यो’ मेक्सिकोत, ‘ब्वेल्तो’ दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी, ‘ब्वेल्ता’ स्पेन-कोलंबियात. घासाघीस करणं ‘रेगातेआर’. महाग ‘कारो’, स्वस्त ‘बारातो’. हे दोन शब्द एकाच दिवशी शिकू नका. जोडीनं पाठ केलेले विरुद्ध शब्द डोक्यात अदलाबदल होतात आणि महिनोन्‌महिने तसेच राहतात. आज ‘कारो’, पुढच्या आठवड्यात ‘बारातो’.

मापं सोपी आहेत. पाव किलो ‘उन क्वार्तो दे किलो’, अर्धा ‘मेदियो किलो’, पाऊण ‘त्रेस क्वार्तोस’. दीड किलोला ‘उन किलो इ मेदियो’, अडीचला ‘दोस किलोस इ मेदियो’. ‘अर्धा’ किलोच्या नंतर येतो, आधी नाही. कोलंबियात भाजी ‘लीब्रा’वर मिळते आणि बोलीत लीब्रा म्हणजे अर्धा किलो. शेतकऱ्यानं सांभाळायचा शब्द आहे ‘किंताल’. आपला क्विंटल शंभर किलोंचा. स्पॅनिश किंताल जुन्या हिशोबानं शंभर लीब्रांचा, म्हणजे सुमारे 46 किलो, आणि मध्य अमेरिकेत कॉफीचा भाव आजही याच मापानं बोलला जातो. शंभर किलो सांगायचे असतील तर ‘किंताल मेत्रिको’ म्हणा, किंवा सरळ ‘सियेन किलोस’.

किराण्याच्या यादीत दोन सापळे आहेत. आपण आलू म्हणतो, पुण्या-मुंबईकडं बटाटा. स्पॅनिशमध्ये ‘बाताता’ मागितला तर रताळं मिळेल. आलूला स्पेनमध्ये ‘पाताता’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘पापा’. दुसरा सापळा तुरीचा. शब्दकोशात डाळ शोधली की ‘लेंतेखा’ मिळतो, पण ती मसूर. तुरीला पोर्तो रिकोत ‘गांदुल’, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ‘ग्वांदुल’, कोलंबिया-पनामात ‘ग्वांदू’, व्हेनेझुएलात ‘किंचोंचो’. तिथं ती बहुतेक अख्खीच शिजवतात, आणि पोर्तो रिकोचा सणाचा ‘आर्रोस कोन गांदुलेस’ म्हणजे आपल्या सोलेभाताचा लांबचा भाऊबंद. स्पेन आणि मेक्सिकोच्या शहरी माणसाला तूर ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त, तिथं वर्णन करावं लागेल. ज्वारी ‘सोर्गो’, हरभरा ‘गार्बान्सो’, कापूस ‘आल्गोदोन’, सांबार म्हणजे कोथिंबीर ‘सिलांत्रो’. साखर ‘आसूकार’, ती आपल्या शर्करेपासून फारसी-अरबी मार्गानं तिकडं पोचली. घरभाड्याला स्पेनमध्ये ‘आल्किलेर’ म्हणतात, आणि ते ज्या अरबी शब्दकुळातून आलं त्यातूनच आपला ‘किराया’.

घरात रोज लागणाऱ्या वस्तूंची नावंच देशागणिक सर्वांत जास्त बदलतात. गॅस सिलिंडर स्पेनमध्ये ‘बोम्बोना’, अर्जेंटिनात ‘गार्राफा’, पेरूत ‘बालोन’, मेक्सिकोत ‘सिलिंद्रो’ किंवा ‘तांके’. (स्पेनची नारंगी बोम्बोना साडेबारा किलोंची असते, आपली घरगुती टाकी 14.2 ची.) किराणा दुकान मेक्सिकोत ‘आबार्रोतेस’, अर्जेंटिनात ‘आल्मासेन’, पेरूत ‘बोदेगा’, कोस्ता रिकात ‘पुल्पेरिया’. सगळी पाठ करण्यात अर्थ नाही. एक देश निवडा, त्याचा रकाना भरा. दुसऱ्या देशाचा शब्द कानावर आला तर समासात टिपून ठेवा, एवढंच.

चहा-खर्ऱ्यात जाणाऱ्या पाच-दहा रुपयांना लॅटिन अमेरिकेत फार नेमका शब्द आहे, ‘गास्तोस ओर्मीगा’, मुंगी-खर्च. वहीत त्याचा वेगळा रकाना ठेवला तर स्पॅनिशही सुधारतं आणि आठवड्याच्या शेवटी तिथली बेरीज बघून घरात चर्चाही होते. ठरलेले खर्च ‘गास्तोस फीखोस’. अंदाजपत्रक ‘प्रेसुप्वेस्तो’. महिना कसाबसा निभणं ‘येगार आ फिन दे मेस’. लग्नात हात सैल सोडणाऱ्याबद्दल म्हणतात ‘तिरार ला कासा पोर ला बेंताना’, अख्खं घर खिडकीतून फेकणं.

उजळणीची पद्धत. नवीन शब्द आठवड्याला दहा-बारा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक नाम त्याच्या ‘एल’ किंवा ‘ला’सकट लिहा: एल गास्तो, ला देउदा, ला फाक्तूरा, एल रेसीबो. एकटं नाम पाठ केलं की लिंग पुन्हा वेगळं शिकावं लागतं, ते काम दुप्पट. लिहिलेली ओळ दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी मराठी झाकून वाचा. अडलात तर त्या ओळीची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. बाजाराच्या दिवशी निघण्याआधी यादी स्पॅनिशमध्ये करा, अंदाजी भाव शब्दांत लिहा, परत आल्यावर खरे भाव शेजारी टाका आणि फरक वाक्यात म्हणा: ‘एल तोमाते एस्ता मास कारो’, टमाटर महागलंय.

दोन-अडीच महिने वही चालली की बँकेचा धडा उघडा. ‘क्वेंता दे आओर्रोस’ बचत खातं, ‘काखेरो’ एटीएम, ‘एफेक्तिबो’ रोकड, ‘त्रान्स्फेरेन्सिया’ पैसे पाठवणं. तोवर ‘साल्दो’, ‘आओर्रो’, ‘इंतेरेस’ आणि ‘क्वोता’ वहीतून ओळखीचे झालेले असतात, म्हणून तो धडा एका बसणीत होतो. गुंतवणूक, शेअर, विमा यांचे शब्द त्यानंतर, आणि तेही ज्याला परीक्षा द्यायची आहे किंवा त्या कामात जायचं आहे त्यानंच.